तुम्ही बसा

माझ्या आईने आयुष्यभर डोक्यावर ओझे वाहिले. पहाटेच्या काळोखात भाजीची पाटी उचलून ती वसई रोड स्थानकाची वाट धरी आणि लोकलने मुंबईचा बाजार गाठी. वांगी, वाल, केळी, कधी मोगऱ्याच्या कळ्या. वाडीत जे पिकले ते पाटीत. परतेपर्यंत दुपार टळलेली असे आणि मग विहिरीचे पाणी, जळण, वाटण हे होतेच. ‘दमलीस का गं?’ असे तिला कुणी विचारल्याचे मला आठवत नाही. आम्ही मुलेही विचारीत नव्हतो.

पुढे मी शिक्षक झालो. घरात चार पैसे येऊ लागले आणि पहिली गोष्ट कोणती केली असेन, तर आईच्या डोक्यावरची पाटी उतरवली. मला त्याचा केवढा अभिमान होता! मग नळ आला, कळशी गेली. मिक्सर आला, पाटा-वरवंटा कोपऱ्यात जाऊन बसला. माझी पत्नी तर तिला कशालाही हात लावू देईना. “आई, तुम्ही बसा, मी करते,” हे वाक्य आमच्या घरात दिवसातून वीस वेळा उच्चारले जाई आणि पाहुण्यांना ते ऐकून आमचे कौतुक वाटे. आई बसली. आधी ओटीवरच्या बाकावर, मग आतल्या खुर्चीत. काही वर्षांनी खुर्चीतून उठताना तिला हात द्यावा लागू लागला. तोही आम्ही प्रेमाने दिला.

१९९१ च्या पावसाळ्यात न्हाणीघराच्या उंबऱ्याला तिचा पाय अडखळला. पूर्वीही शंभरदा अडखळला असेल, पण तेव्हा ती सावरत असे. या वेळी सावरता आले नाही. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली. घरी आणताना “आता यांना पूर्ण विश्रांती द्या,” असे आम्हांला सांगण्यात आले, आणि ती आम्ही इतकी मन लावून दिली की आई पुन्हा आपल्या पायांवर उभी राहिलीच नाही. चार वर्षे ती खाटेवर होती. तिला कूस बदलून देताना तिच्या पायांकडे पाहवत नसे. स्थानकापर्यंत पाटी वाहणारे ते पाय काटक्यांसारखे झाले होते. “वय झाले, दुसरे काय!” आम्ही एकमेकांना सांगत असू.

आज मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. आई पडली तेव्हा तीही चौऱ्याहत्तरचीच होती.

दोन वर्षांपूर्वी गुडघा धरला म्हणून मी एका तरुण फिजिओथेरपिस्टकडे गेलो. तिने मला साध्या खुर्चीत बसवले, हात छातीवर घ्यायला लावले आणि म्हणाली, “सर, आता हात न टेकता उठा.” मी उठू शकलो नाही. दुसऱ्यांदाही नाही. मिस्साच्या वेळी गुडघे टेकल्यावर समोरच्या बाकाला धरून उठण्याची सवय मला कधीची जडली होती. पण तो मी गुडघ्याचा दोष समजत होतो. “गुडघ्याचे नंतर पाहू,” ती म्हणाली, “आधी मांडीत ताकद आणू या. तुम्हांला वजन उचलावे लागेल, सर.”

मला हसू आले. वजन उचलायचे ते तालमीतल्या पोरांनी! मी रोज सकाळी तासभर चालत होतो आणि तेवढ्याने माझे भागते, अशी माझी समजूत होती. चालण्याने हृदयाला लाभ होतो हे खरे. पण स्नायू बळकट व्हायचा तर त्याला सवयीपेक्षा थोडा जड भार द्यावा लागतो, आणि तो पेलू लागला की भार आणखी वाढवावा लागतो. वयानुसार आधी झिजतात ते झटक्याने काम करणारे तंतू. अडखळलेला पाय क्षणात पुढे टाकून तोल सावरतात, तेही हेच. आईचा उंबरा मला तेव्हा आठवला.

मास्तरकीची खोड जात नाही; मी वाचू लागलो. इंग्रजी निबंध नातीने शोधून दिले. वयानुसार होणाऱ्या या झिजेला ‘सार्कोपीनिया’ हे नाव १९८९ साली आयर्विन रोझेनबर्ग यांनी दिले. ग्रीकमधून घेतलेल्या या शब्दाचा अर्थ मांसाचे दारिद्र्य. नाव मोठे समर्पक आहे. १९९० साली बोस्टन येथील एका वृद्धसेवा संस्थेत मारिया फियातारोने या डॉक्टर बाईंनी नव्वदीच्या घरातल्या दहा जणांना पायांनी वजन उचलायला लावले. त्यांतील सर्वांत मोठ्याचे वय शहाण्णव! वजनही नावापुरते नव्हे, तर ज्याला जेवढे जास्तीत जास्त उचलता येईल त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत नेलेले. आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे. नऊ जणांनी ते पुरे केले आणि त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे पावणेतीनपट झाले. दोघांनी काठी सोडली. व्यायाम थांबवल्यावर चारच आठवड्यांत त्या कमाईचा मोठा भाग ओसरला, हेही तिथेच नोंदले आहे.

त्या निबंधाचे साल मी पुन्हा पुन्हा पाहिले. १९९०. आई पडली त्याच्या आदल्या वर्षी. वसईतल्या एका मराठी शिक्षकापर्यंत तो पोचण्याचा संभव नव्हता, हे मला कळते. पण पुढे वाचले ते अधिक लागले. निरोगी ज्येष्ठांना केवळ दहा दिवस अंथरुणावर ठेवले तर त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो मांस आटते, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. दहा दिवस! आम्ही आईला चार वर्षे ठेवले. खाटेच्या कडेला बसवून, पायाला हलकेसे वजन बांधून रोज दहा वेळा पाय उचलायला लावले असते, तर? ती चालली असती असे मी म्हणत नाही. पण आम्ही विचारलेदेखील नाही. तिने एकदोनदा “मला जरा उभी करा,” म्हटले होते. आम्ही तिला थोपटून निजवले.

माझी साधने गावठीच आहेत. वाळू भरून शिवलेल्या दोन पिशव्या घोट्यांना बांधतो आणि खुर्चीत बसून पाय सरळ करतो. आधी अर्धा किलो, आता दोन. भिंतीला हात टेकून दंड काढतो. खुर्चीतून हात न टेकता उठतो आणि सावकाश बसतो. बसताना सावकाश, ही त्यातली खरी मेख आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मधले दिवस स्नायूंना सावरायला. श्वास कोंडायचा नाही, अशी त्या मुलीची सक्त ताकीद आहे, कारण मला रक्तदाब आहे. आरंभ करण्यापूर्वी तिने मला माझ्या डॉक्टरांकडेही धाडले होते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या आपल्या सूचनांत पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सांगितला आहे. ताटातले वालाचे बिरडे आणि मासळी मी आता अधिक आदराने खातो. नुसत्या पेजेवर मांस भरत नाही.

पहिले तीन आठवडे काही घडले नाही. चौथ्या आठवड्यात एके रविवारी मिस्साला मी बाकाला न धरता उठलो. शेजारी कुणाच्याही ध्यानात आले नाही. पत्नीच्या मात्र आले.

घरातला अडथळा वेगळाच आहे. मुलगा आणि सून दोघेही गुणी. माझ्या हातात पिशवी दिसली की धावतात. “बाबा, तुम्ही बसा, आम्ही आहोत ना!” हे ऐकले की माझ्या छातीत काहीतरी हलते. त्यांना मी रागावू कसा? त्यांचा स्वर तंतोतंत माझाच आहे.

शेवटी एका रात्री दोघांना समोर बसवले आणि आईची ही सारी हकिगत सांगितली. मुलगा तेव्हा लहान होता. त्याला आजी आठवते ती खाटेवरचीच. तो काही बोलला नाही. पुढच्या शनिवारी बाजारातून आल्यावर सुनेने दहा किलो तांदळाची पिशवी दाराशीच टेकवली आणि ती आत निघून गेली. मुलगा उठू लागला. तिने आतूनच त्याला हाक मारली. मी गुडघ्यांत वाकलो, पिशवी छातीशी धरली आणि उभा राहिलो.