उपटलेले केस गेले कुठे?

जालना, मंगळवार

ती. वहिनींस, सा. न. वि. वि.

काल फोनवर दादा शेजारी होता, म्हणून मनातलं बोलता आलं नाही. छकुलीच्या डाव्या कानाच्या वर चाई पडलीय असं तुम्ही म्हणता. दिवाळीत मी तिची वेणी घातली तेव्हाच ती जागा पाहिली होती. चाईची जागा गुळगुळीत असते. इथे बोटाला खुंट लागत होते, कुठे आखूड, कुठे लांब. ती केस उपटते, वहिनी. मग ते जातात कुठे? अंथरुणात नाहीत, केरात नाहीत. केसांवर भांडी देणाऱ्या बाईसाठी तुम्ही विंचरलेला गुंतासुद्धा पिशवीत जपून ठेवता, तुमच्या नजरेतून ते सुटले नसते. मला वाटतं, ती ते खाते.

खाल्लेला केस पचत नाही. नखं ज्याची बनतात त्याच केराटिनचा तो असतो, जठरातलं आम्ल त्याला विरघळवू शकत नाही. निसरडा असल्यामुळे अन्न पुढे सरकतं आणि केस मागे राहतो, जठराच्या वळ्यांत अडकतो. मग एकात एक गुंतत जातात. केस खाणाऱ्या प्रत्येकीच्या पोटात गोळा होतोच असं नाही. पण ऑपरेशन थिएटरमध्ये नोकरीला असताना एका मुलीच्या पोटातून निघालेला गोळा मी स्वतः ट्रेमध्ये घेतलाय. हुबेहूब जठराच्या आकाराचा, काळाकुट्ट, ओला चकचकीत. आंबलेल्या अन्नाचा वास मास्कमधूनही येत होता. त्याची शेपटी आतड्यात उतरली होती. अशा शेपटीवाल्या गोळ्याच्या आजाराला 1968 साली डॉक्टरांनी परीकथेतल्या लांब केसांच्या रापुंझेलचं नाव दिलं. मला ते नाव कधीच आवडलं नाही. ती पोर दोन घासांत पोट भरलं म्हणायची, ओकायची, पांढरीफटक पडली होती. घरचे जंताचं औषध देत राहिले.

छकुलीचंही जेवण कमी झालंय, म्हणून मला धीर धरवत नाही. गोळा वाढला तर जठराला व्रण पडतात, कधी आतडं बंद होतं, कधी भोक पडतं. मोठा गोळा औषधाने जात नाही, बहुतेकदा पोट उघडूनच काढावा लागतो.

उलटीत केस दिसले तर आई भानामती म्हणेल. तिला माझं नाव सांगा आणि भगताला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. भूत काढायचं म्हणून कुणाला मारणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि दादाला सांगा, छकुलीचं मुंडण करायचं नाही, हातावर मारायचं नाही. ती मुद्दाम करत नाही. हात डोक्याकडे गेलेला तिचा तिला कळतही नसेल. तो कळायला शिकवणं, त्या क्षणी मूठ आवळायला किंवा हाताला दुसरं काम द्यायला शिकवणं, हे मानसोपचारवाले करतात. ते झालं नाही तर गोळा काढूनही पुन्हा होतो. रक्तही तपासून घेऊ. लोह कमी असलं की काही मुलं माती, खडूही खातात.

गुरुवारी पहिल्या एसटीने तिला घेऊन या, अनशापोटी. आधी जिल्हा रुग्णालयात सोनोग्राफी करू, लागलंच तर संभाजीनगरला घाटी रुग्णालयात दुर्बिणीने बघतील. वाटेत तिला काही विचारू नका. मी स्टँडवर उभी असेन. माझ्याकडचा रुंद दातांचा कंगवा तिला आवडतो, विंचरता विंचरता मीच बोलेन.

तुमची,
वन्सं