गुंडभर पाणी

शाळेत चौथीच्या वर्गात माझी खाट टाकली होती. भिंतीवर पाढे, कोपऱ्यात एकावर एक रचलेले बाक, डोक्यावर टिनाचं छप्पर. पहिल्या दोन रात्री दाराला बाहेरून कडी लावली. ती लागल्याचा आवाज माझ्या ओळखीचा होता. २०११ साली माझं डोकं पहिल्यांदा फिरलं, तेव्हा घरच्यांनी मला अकरा दिवस धानाच्या कोठीशेजारच्या खोलीत कोंडलं होतं. त्यांना दुसरं काही सुचलं नव्हतं, त्याचा राग माझ्या मनात नाही. पण कडी वाजली की पोटात गोळा येतो, तो त्या रात्रीही आला.

मे २०२० चा तिसरा आठवडा. नागपुरात मी कापडाच्या दुकानात हिशेब लिहायचो. दुकान मार्चपासून बंद, खोलीचं भाडं थकलेलं. पास काढून गावी आलो. नागपूर रेड झोन, म्हणून गावात पाय ठेवताच चौदा दिवस शाळा. आमचं गाव वैनगंगेच्या अल्याड, सावली तालुक्यात, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात. पण बाजार, दवाखाना सगळं पल्याड गडचिरोलीला, कारण चंद्रपूर आम्हाला लांब पडतं. व्याहाडच्या पुढचा पूल ओलांडला की गडचिरोली आलीच. त्या उन्हाळ्यात त्याच पुलावर जिल्ह्याची सीमा उभी राहिली.

मी बायपोलरचा पेशंट आहे, लिथियम घेतो. हे औषध म्हणजे एक क्षारच. रक्तात त्याचं प्रमाण साधारण ०.६ ते १ च्या मध्ये राहावं लागतं. त्याखाली उतरलं की आजार डोकं वर काढतो, दीडच्या वर गेलं की औषधच अंगावर उलटतं. म्हणून दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं, तेही रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी. घाम फार गेला, पाणी कमी पडलं, जेवणातलं मीठ एकदम तोडलं, तर मूत्रपिंडं लिथियम बाहेर टाकायचं सोडून धरून ठेवतात. एप्रिलची माझी तपासणी राहून गेली होती. गोळ्यांचं मात्र निभावलं. फोनवरून उपचार करण्याचे नियम केंद्रानं २५ मार्चलाच, टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी, काढले होते. डॉक्टरांची चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर आली आणि दोन महिन्यांच्या गोळ्या मी नागपुरातूनच बांधून आणल्या.

गोळ्या होत्या, पाणी नव्हतं. शाळेचं बोरिंग माझ्या खिडकीपासून पंधरा पावलांवर. त्यावर अर्धी आळी पाणी भरायची, म्हणून मी दांड्याला हात लावायचा नाही असं ठरलं. सकाळी एक गुंड भरून दाराशी ठेवायचे. पिणं, धुणं, सगळं त्यातच. बाहेर पारा ४५ च्या वर. दुपारी टिन तापलं की खाटेची लोखंडी चौकटही हाताला चटका द्यायची. लोकांना भीती होती आणि ती खोटी नव्हती. पण दुसरा गुंड मागायला मलाच तोंड होईना. एकदा वेडा ठरलेला माणूस काही मागताना दहादा विचार करतो.

माय डबा कुंपणापाशी ठेवून वीस पावलं मागं सरायची आणि मी जेवेपर्यंत पदरानं तोंड झाकून उन्हात उभी राहायची. वरण अळणी लागायचं. रक्तदाबवाल्याला कोरोना लवकर धरतो, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं.

"मीठ कमीच टाकते बापू, तुले बरं."

सहाव्या दिवशी पाण्याचा पेला उचलला तर पाणी हिंदकळून मनगटावर सांडलं. दुसऱ्या हातानं धरला, तोही थरथरत होता. सकाळपासून चार वेळा जुलाब झाले होते. संडासापर्यंत जाताना पाय भलतीकडेच पडत होते. कुंपणाबाहेर दोन मतं झाली. काहींचं म्हणणं कोरोना, काहींचं म्हणणं याचं पुन्हा फिरलं.

खिडकीशी बाकावर उभं राहिलं तरच मोबाईलला रेंज यायची. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "आजपासून गोळी बंद. मीठ-साखरेचं पाणी पीत राहा. उलट्या झाल्या किंवा जीभ अडखळली, तर तिथं थांबायचं नाही, रुग्णालय गाठायचं." फोन तसाच स्पीकरवर ठेवून मी गावच्या आशा सेविकेला, आशाताईला, हाक मारली. तिनं ओआरएसची पाकिटं दिली, स्वतः बोरिंग हापसून दोन गुंड दाराशी आणून ठेवले आणि कुंपणाकडं वळून मोठ्यानं म्हणाली, "पाणी पाहिजे होतं याले. निरं पाणी!"

हात थांबायला तीन दिवस लागले. पण गोळी बंद, म्हणून झोप गेली. माझ्या आजारात झोप जाणं म्हणजे पाहुणा वेशीवर आल्याची वर्दी. रात्रभर डोक्यात हिशेब, बेत, गाणी पळायची. मी पाढे म्हणत पडून राहायचो.

त्याच जागरणात ती दिसली. सातवीच्या वर्गात तेलंगणातून मिरची तोडून पायी आलेली टोळी होती. त्यातली एक बाई रात्री दोनच्या सुमारास अंगणात निंबाकडं तोंड करून कोणाशी तरी हळू आवाजात भांडत होती. मधेच थांबायची, ऐकायची, उत्तर द्यायची. असं ऐकणं मी ओळखतो.

सकाळी नवऱ्याला खिडकीतून विचारलं. त्यानं पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. महिन्याची सुई चालू होती. शेवटची फेब्रुवारीत, मिरचीला निघण्याआधी.

"रस्त्यानं काई बोलत नोती, म्हणून बरी हाये वाटलं," तो म्हणाला.

टोळीतल्या म्हाताऱ्या बाया पुजाऱ्याला बोलवा म्हणत होत्या, पण गावबंदीत त्यालाही येता येत नव्हतं. सबंध विदर्भाला सरकारी मनोरुग्णालय एकच, नागपूरचं, आणि ते इथून दीडशे किलोमीटरहून लांब. मी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी आशाताईला औषधाचं नाव सांगितलं, तिनं ते पुढं कळवलं.

३० तारखेला गाडी आली. डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या किटमधले दोघं उतरले. त्यांना पाहताच ती किंचाळत वर्गात शिरली आणि बाकांच्या ढिगामागं जाऊन बसली. इतके दिवस जे तिला मारायला येणार होते, ते खरंच आले होते. ते दोघं दाराशी थबकले. तेव्हा आशाताई अंगणाच्या मधोमध गेली, तोंडावरचा दुपट्टा खाली केला आणि उन्हात तशीच उभी राहून म्हणाली, "बाई, मी आहो. तोंड पाहा माझं." बऱ्याच वेळानं बाकांमागून हात दिसला.

त्याच आठवड्यात माझी गोळी अर्ध्या मात्रेनं सुरू झाली आणि चौथ्या रात्री सलग पाच तास झोपलो.

एसटीच्या जिल्ह्याबाहेरच्या गाड्या २० ऑगस्टला सुटल्या. महिनाअखेर मी नागपूर गाठून रक्त दिलं. ०.७ आलं. परतताना व्याहाडच्या थांब्यावर ती दोघं पुलाकडं जाणाऱ्या गाडीची वाट पाहत होती. तिनं मला ओळखलं नाही. नवऱ्यानं ओळखलं आणि न विचारताच कार्ड उघडून पुढं धरलं. मार्च आणि एप्रिलचे रकाने कोरे होते. मेच्या रकान्यात ३० तारीख होती, आणि त्याखाली जून, जुलै, ऑगस्ट भरलेले होते.