शुक्रवारी दाखवायचं घर

"सर, पार्टीला शुक्रवारीच आणू या."

एजंटनं हे इतक्या गंभीरपणे सांगितलं, की मला वाटलं, असेल काहीतरी शुभ-अशुभाचा फंडा. पण त्यानं आमच्या बेडरूमच्या खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीमागे पत्र्याची लांबलचक शेड, शेडमध्ये पॉवरलूम आणि त्यांची ती न थांबणारी खटखट. हा कारखाना शुक्रवारी बंद असतो.

"शुक्रवारी तुमचा फ्लॅट म्हणजे माथेरान आहे सर!"

मी लोअर परळच्या एका ऑफिसात मार्केटिंग करतो. जुन्याच साबणाच्या वडीला नवा कागद गुंडाळून विकणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. तरीही ही आयडिया मला सुचली नव्हती. मी मनातल्या मनात एजंटला सलाम ठोकला.

गोष्ट २०२३च्या दिवाळीनंतरची. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मी ठाण्यात चौदाव्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो आणि आई भिवंडीत, कामतघरच्या बाजूला, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर. तिचे गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा ठरलं. भिवंडीचा वन बीएचके विकायचा आणि ठाण्यातल्या घराचं डाउन पेमेंट करायचं.

पार्सलचं गाव

मुंबई-ठाण्यातल्या माणसाला भिवंडी दोनच ठिकाणी भेटते. एक, ऑनलाइन पार्सलच्या ट्रॅकिंगमध्ये आणि दोन, ट्रॅफिकच्या बातमीत. ऑफिसात मी 'भिवंडीचा' म्हटलं, की कुणीतरी हमखास विचारतं, "अरे, माझे शूज तिकडे अडकलेत, बघ ना जरा!"

ठाण्याहून बाळकुम सोडून कशेळीचा पूल ओलांडला, की काल्हेर, पूर्णा, राहनाळ अशी गावं लागतात. गावं म्हणायची एवढंच. दोन्ही बाजूंना गोदामं आणि मधे कंटेनरची रांग. २०१८च्या डिसेंबरमध्ये भूमिपूजन झालेल्या मेट्रो-५चे खांब तेव्हा रस्त्याच्या मधोमध उभे राहत होते. "मेट्रो येतेय" हे वाक्य इथल्या प्रत्येक एजंटला तोंडपाठ. मग अंजूर फाटा, धामणकर नाका, आणि आलं आमचं गाव.

गोदामांच्या आधीपासूनची भिवंडी मात्र मागाची. इथं लाखो मीटर ग्रे कापड निघतं. ग्रे म्हणजे करडं नव्हे. मागावरून नुकतं उतरलेलं, ब्लीच-रंग काही न लागलेलं कोरं कापड. ते विणायला उत्तर प्रदेशातून मोमीन आले, तेलंगणातून पद्मशाली आले. त्यांची वस्ती ती पद्मानगर. बाबा अशाच एका कारखान्यात मेहता होते, म्हणजे हिशेब सांभाळणारे. घरी आले, की त्यांच्या भुवयांवर रुईचे बारीक तंतू असायचे. लहानपणी मला वाटायचं, बाबा रोज थोडेथोडे म्हातारे होऊन येतात आणि आंघोळ करून पुन्हा तरुण होतात.

ऑपरेशन मेकओव्हर

विकायचं घर सजवण्याला अमेरिकेत 'होम स्टेजिंग' म्हणतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सिअ‍ॅटलमध्ये घरं विकणाऱ्या बार्ब श्वार्झ या बाईंना त्याचं श्रेय दिलं जातं. स्टेजिंग, म्हणजे घराचं नेपथ्यच म्हणा ना! फंडा सोपा आहे. बघायला येणाऱ्याला तुमचं घर दिसता कामा नये, त्याचं स्वतःचं दिसलं पाहिजे.

मी दोन वीकएन्ड कामाला लागलो. पलंगाखालच्या तीन ट्रंका, 'लागतील कधीतरी' म्हणून जपलेले श्रीखंडाचे डबे, चार वर्षांची कॅलेंडरं, सगळं बाहेर. पंख्याच्या पात्यांवर आणि खिडकीच्या जाळीवर रुईचा थर होता, तो काढला. ट्यूबलाइट जाऊन पिवळसर एलईडी आले. हॉलचा पिस्ता रंग जाऊन ऑफ व्हाइट आला. आईनं फक्त देवघराला हात लावू दिला नाही. "घेणाऱ्याला कळू दे, इथं माणसं राहत होती."

खर्च झाला साधारण ३० हजार. हॉल खरंच मोठा दिसायला लागला. कुठल्याही घराला लागू पडेल अशी माझी पहिली टिप: नवं काही आणण्याआधी जुनं बाहेर काढा. निम्मा मेकओव्हर तिथंच होतो, आणि फुकटात.

राहिली बेडरूमची भिंत.

कपाटामागची भिंत

खिडकीशेजारी, बीमच्या खाली, पावसाळ्यात ओल यायची. त्या वर्षी ओलीच्या मधून एक चीर निघाली होती. पेंटर म्हणाला, "पुट्टी मारून देतो, दोन पावसाळे काही दिसणार नाही." आईनं त्याला नको म्हटलं. मग मी काय केलं? लोखंडी कपाट चार फूट सरकवलं. भिंत झाकली, विषय संपला.

पहिल्याच शुक्रवारी पार्टी आली. नवरा-बायको आणि कडेवर एक छोटी. मागचा कारखाना बंद, एलईडी चालू, खिडकीतून वारा. त्यांना घर जाम आवडलं. एजंटनं मला डोळ्यांनी खुणावलं. नवरा टोकनचं बोलायला लागला. तेवढ्यात चहाचा कप खाली ठेवत बायकोनं सहज विचारलं, "काकी, पावसाळ्यात काही त्रास?"

"आहे ना," आई म्हणाली. "या कपाटामागे ओल आहे. चीरही पडलीये. या, दाखवते."

पार्टी फार सभ्यपणे गेली. एजंटही गेला, तो मात्र तितक्या सभ्यपणे नाही. मी आईवर भडकलो. ठाण्याचं घर, बँकेचा हप्ता, तिचेच गुडघे... सगळं ऐकवलं.

आई शांतपणे म्हणाली, "कार्बाइडचा आंबा विकणाऱ्याला शिव्या देतोस ना तू? मग हे काय होतं?" आणि थोडं थांबून, "ती पहाट विसरलास?"

विसरलो नव्हतो. २१ सप्टेंबर २०२०. लॉकडाउनमुळे मी तेव्हा भिवंडीतूनच काम करत होतो. धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी बिल्डिंग पहाटे, लोक झोपेत असताना कोसळली. पस्तीसहून अधिक माणसं गेली, त्यांत लहान मुलं कितीतरी. अँब्युलन्सचे सायरन दिवसभर थांबले नव्हते. आणि २०२३च्या एप्रिलमध्ये वळपाड्याला पुन्हा तेच, पुन्हा ढिगारा. ज्या गावात भिंतींनी माणसं मारलीत, त्या गावात मी एका छोट्या मुलीच्या डोक्यावरची चीर कपाटानं झाकत होतो. माझं मार्केटिंग एकदम उघडं पडलं.

हातोडीचा निकाल

सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी व्हायला हवं. आमची बिल्डिंग १९९५ची. ऑडिट झालं होतं शून्य वेळा!

मीटिंगमध्ये मी विषय काढला, तर सगळे माझ्यावरच तुटून पडले. "तू विकून जाशील, आम्ही कुठं जायचं?" त्यांचीही भीती खोटी नव्हती. ऑडिटमध्ये इमारतीला ग्रेड मिळते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक. रिकामी करा आणि पाडा. सी-२ ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२ बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती आणि सी-३ म्हणजे किरकोळ कामं. सी-१ आलं असतं, तर १६ कुटुंबं रस्त्यावर आणि आमच्या फ्लॅटची किंमत रद्दीएवढी. शेवटी आईच उठली. "कळलं नाही म्हणून बिल्डिंग उभी राहणार आहे का?" एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

इंजिनिअर आला. भिंतींवर ठोकून आवाज ऐकले, यंत्र टेकवून काँक्रीटची ताकद पाहिली, गच्चीवर एक तास घालवला. रिपोर्ट येईपर्यंतचे पंधरा दिवस मला दहावीच्या रिझल्टसारखे गेले.

सी-२ बी! गच्चीचं पाणी मुरून आमच्या बीममधल्या सळया गंजल्या होत्या. सळ्यांचा गंज काढून बीमची दुरुस्ती, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, छज्जांचं काम. घरटी ६० हजार. मे महिन्यात काम संपलं. जूनच्या पावसात मी रोज रात्री ठाण्याहून फोन करायचो. "आई, भिंत?" "कोरडी." बस्स, एवढंच बोलणं.

फाइलही सजवा

मधल्या काळात मी फाइल लावली. घराला रंग द्यायला चार दिवस लागतात, कागदांना चार महिने. मूळ ॲग्रीमेंट, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, ओसी, घरपट्टीची पावती, लाइट बिल. फ्लॅट बाबांच्या नावावर होता आणि आई नॉमिनी. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे! वारस म्हणून मी आणि ताईनं हक्कसोड पत्र रजिस्टर केलं, तेव्हा कुठे घर आईचं झालं. हे काम गिऱ्हाईक आल्यावर करायला घेतलंत, तर गिऱ्हाईक थांबत नाही. सोसायटीचं ट्रान्स्फर प्रीमियमही विचारून ठेवा. महापालिका हद्दीत ते जास्तीत जास्त २५ हजार आहे.

फाइलमध्ये सगळ्यात वर मी ऑडिटचा रिपोर्ट ठेवला. त्याखाली दुरुस्तीचे फोटो. चिरेचाही.

बुधवारची पार्टी

जुलैमध्ये, धो धो पावसात, मुद्दाम बुधवारी पार्टी बोलावली. एजंटनं कपाळावर हात मारून घेतला. माग जोरात चालू होते.

मुलगा माणकोलीच्या एका गोदामात सुपरवायझर, बायको शाळेत शिकवणारी. तिनं पाणी किती वेळ येतं ते विचारलं, नळ सोडून पाहिले, भिंतीवर हात फिरवला. मी फाइल उघडून चिरेचा फोटो दाखवला. दोघं बराच वेळ रिपोर्ट वाचत बसले.

"आणि हा आवाज?" मी स्वतःच विचारलं. "रात्रीही असतो. आज ऐकून घ्या."

ते खरंच रात्री अकराला पुन्हा आले. मुलगा खिडकीशी उभा राहिला. "आम्ही इचलकरंजीचे," तो म्हणाला. "आमच्याकडेही असाच असतो."

सौदा माझ्या मनातल्या आकड्यापेक्षा दीड लाखानं खाली झाला. दुरुस्तीचे ६० हजार वेगळे. हिशेब मांडला तर मी तोट्यातच. पण सह्या करताना हात हलका होता, हे खरं.

ऑगस्टमध्ये आई ठाण्याला आली. चौदावा मजला, काचेच्या सरकत्या खिडक्या, खालच्या रस्त्याचा आवाजसुद्धा वर येत नाही. पहिल्या रात्री दोन वाजता मी पाणी प्यायला उठलो, तर आई हॉलमध्ये बसलेली.

"काय गं, झोप नाही आली?"

"अरे," ती म्हणाली, "आज शुक्रवार आहे का?"