जालन्याची मोसंबी आणि एकोणतीसचा पाढा

मुलांनो, एकोणतीसचा पाढा येतो का तुम्हाला? खरं सांगा हं! पुस्तकात न बघता आणि मध्येच न अडखळता. नाही ना येत? मलाही तुमच्या वयात येत नव्हता. तो मी फार उशिरा शिकलो, आणि तोही शाळेत नाही, तर मोसंबीच्या बागेत. आज तुम्हाला तिथंच न्यायचं आहे. आई-बाबांनाही बरोबर घ्या.

ही बाग आहे जालना जिल्ह्यात. छत्रपती संभाजीनगरहून साधारण ६० किलोमीटरवर, कुंडलिका नदीच्या काठी जालना शहर आहे. आधी हा भाग औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांत होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला. 'जालना सोने का पालना' अशी इकडची जुनी म्हण. आज हे शहर बियाण्यांसाठी आणि लोखंडी सळयांसाठी ओळखलं जातं. आणि मोसंबी? इथल्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे 'जालन्याची मोसंबी' हे नाव आता दुसऱ्या कुठल्या मोसंबीला लावता येत नाही.

माझ्या मामांचं गाव अंबडच्या रस्त्यावर आहे. मी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ओसरीवर मामांची नात पाढे म्हणत बसली होती. पाचवीतली पोर. सोळापर्यंत गाडी झकास आली. मग "सतरा सक एकशे दोन, सतरा सत्ते... एकशे... एकशे..." आणि डोळ्यांत टचकन पाणी! मी जवळ बसलो तर म्हणाली, "काका, मला गणित येतच नाही."

बघा हं, 'पाढा येत नाही' असं नाही म्हणाली ती. 'गणित येत नाही' म्हणाली. एका ओळीवर अडली आणि अख्ख्या विषयावर फुली मारून मोकळी झाली. मला फार वाईट वाटलं, कारण असं मीही एकदा ठरवून टाकलं होतं. मामा मात्र काहीच बोलले नाहीत.

सकाळी ते आम्हा दोघांना बागेत घेऊन गेले आणि नातीला म्हणाले, "झाडं किती आहेत, मोज बरं."

ती एक, दोन, तीन करत निघाली. पन्नाशीच्या पुढं कुठंतरी गोंधळली, परत आली. मामा हसले. "अगं, ओळी मोज की!" ओळी निघाल्या तेवीस. एका ओळीत झाडं अठरा. आता तेवीस गुणिले अठरा आलं की पुढ्यात! तिचा चेहरा पुन्हा पडला.

मामांनी तिला विसाव्या ओळीनंतर उभं केलं. "इथून मागं किती ओळी? वीस. अठरा दुणे?"

"छत्तीस."

"मग अठरा विसे तीनशे साठ. पुढं राहिल्या तीन ओळी."

"अठरा त्रिक चोपन्न!" ती ओरडलीच. "तीनशे साठ नि चोपन्न... चारशे चौदा!"

आणि मग कुणी न विचारता पुटपुटली, "सतरा सत्ते म्हणजे दहा साते सत्तर, सात साते एकोणपन्नास... एकशे एकोणीस." रात्रीचं उत्तर सकाळी सापडलं होतं.

ही चारशे चौदा झाडं मामांना तोंडपाठ आहेत, कारण त्यांनी ती एकदा फार काळजीनं मोजली होती. २०१२-१३ चा दुष्काळ. मराठवाड्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या त्या वर्षी. मामांची विहीर आटली. टँकर विकत घ्यावा लागला, पाच हजार लिटरचा. एका झाडाला किती पाणी द्यायचं? मामांनी रात्री ओसरीवर हिशेब केला. झाडाला बारा लिटर दिलं, तर चारशे झाडांना अठ्ठेचाळीसशे, चौदा झाडांना एकशे अडुसष्ट. एकूण ४९६८. उरले बत्तीस लिटर, ते बैलांपुढं ठेवले. तेरा लिटर दिले असते तर शेवटच्या दीड-दोन ओळी कोरड्या राहिल्या असत्या.

तरीही एकोणतीस झाडं गेली. त्यांच्या जागी मामांनी नवी लावली. आजही ती शेजारच्या झाडांपेक्षा जरा बुटकी दिसतात.

तर आला की नाही आपला एकोणतीस! हे नाव नीट ऐका. एक-ऊन-तीस. ऊन म्हणजे कमी. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. पाढ्याची युक्ती नावातच दडलेली आहे! एकोणतीस सत्ते किती? तीस साते दोनशे दहा, त्यातून सात काढा, दोनशे तीन. एकोणीस, एकोणचाळीस, एकोणऐंशी, सगळ्यांना हेच लागू. (नव्व्याण्णव मात्र खोडकर. नाव 'एकोणशंभर' नाही, पण युक्ती तीच!)

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन दिलं, तेव्हा केवढा वाद झाला होता! आई-बाबांना आठवत असेल. मला विचाराल तर फोड करताना ती पद्धत सोयीची आहे. 'सत्तेचाळीस' म्हणताना सात आधी येतात, लिहिताना मात्र चार. मुलं गोंधळणारच. पण 'वीस नऊ' म्हटलं की एकोणतीसमधली गंमत जाते, ती मला सोडवत नाही.

मग पाठांतर नकोच का? छे! दहापर्यंतचे पाढे पाठ नसतील तर फोड करून तरी काय उपयोग? अठरा त्रिक चोपन्न तोंडात होतं, म्हणून तर तीन ओळी चटकन निघाल्या. जुन्या लोकांना तर तीसपर्यंतचे पाढे आणि वर पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, अडीचकी, औटकी एवढं सगळं लागायचं. अठरा अडीच पंचेचाळीस, अठरा औट त्रेसष्ट! (औट म्हणजे साडेतीन.) कारण रुपयाचे आणे सोळा, मणाचे शेर चाळीस. शंभर पैशांचा रुपया आला तो १ एप्रिल १९५७ ला.

जालन्याच्या बाजारात तर आणखी एक भानगड होती. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आणि संस्थानाचा रुपया वेगळा, 'हाली'. इंग्रजांचा तो 'कलदार'. सात हाली म्हणजे सहा कलदार! हैदराबाद १९४८ मध्ये भारतात आलं, तरी हाली १९५९ पर्यंत चालत होता. माझे आजोबा जालन्याला कापूस विकायला जायचे, तेव्हा हा हिशेब त्यांना उभ्या उभ्या करावा लागे. चुकला तर पैसे गेलेच.

निघायच्या दिवशी मामांनी नातीला विचारलं, "दोनशे तीन हाली. कलदार किती?"

ती बुटक्या झाडांकडं बघत राहिली. ओठ हलत होते. "दोनशे तीन म्हणजे एकोणतीस सत्ते. तर मग एकोणतीस सक... एकशे ऐंशीतून सहा गेले... एकशे चौऱ्याहत्तर!"

मामा उठून आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी तिच्या हातावर एक काळपटलेलं चांदीचं नाणं ठेवलं. तिनं ते फ्रॉकला घासलं, तसा त्यावर चारमिनार दिसू लागला. मला एसटीत बसवायला फाट्यावर आली, तेव्हाही तिची मूठ घट्ट मिटलेली होती.