ताट धरून उभी असलेली

राण्यांची नावं आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहेत. सईबाई, सोयराबाई, पुतळाबाई, येसूबाई. शेंबडं पोरगंसुद्धा धडाधडा सांगंल. पण त्यांच्या मागं ताट धरून जी उभी असते तिचं नाव विचारा. कुणाला येत नाही. येणार कुठनं? मालिकावाल्यांनी ते ठेवलेलंच नसतं.

मी हे त्या बिननावाच्या बाईच्या बाजूनं लिहितोय. ज्याला राणीच्या बाजूनं वाचायचंय त्यानं खुशाल पान उलटावं.

२०१७ च्या सप्टेंबरात झी मराठीवर ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ सुरू झाली, २०२० च्या फेब्रुवारीत संपली. मी तेव्हा सूतगिरणीत बदली कामगार म्हणून नुकता चिकटलो होतो. रिंगफ्रेम खातं. रातपाळी असली की लवकर जेवायचं, मालिका बघायची नि डबा अडकवून सायकल हाणायची. टीव्ही आमच्या घरात, म्हणून आजूबाजूच्या बाया येऊन बसायच्या. सोयराबाई पडद्यावर आली रे आली की कडाकडा बोटं मोडायच्या. “आली बग सवत. डोळ्यात कसं इख हाय बग तिच्या.” कटाचं संगीत वाजायचं. समईची ज्योत हलायची. राणी भुवई वर करायची नि जाहिरात लागायची.

माझं ध्यान कापडावर. सूत काढणाऱ्याला दुसरं काय दिसणार? राणीच्या अंगावरचा शालू रेशमाचा का पॉलिएस्टरचा, पदराची जर खरी का झगमगाटाची, हे मी लांबनं ओळखायचो.

आय मात्र भलतीकडंच बघायची. एकदा म्हणाली, “ती मागची पोरगी बग. कवाधरनं ताट धरून उभी हाय. हात भरून आलं असत्याल तिचं.” आम्ही सगळे हसलो. तिकडं स्वराज्याचा वारस ठरतोय आणि हिला दासीच्या हाताची पडलीय! पण रातपाळीत चात्यांपुढं येरझाऱ्या घालताना माझ्या पोटऱ्या भरून आल्या तेव्हा ते वाक्य आठवलं. तेव्हापासून मीबी मागंच बघायला शिकलो.

मागं बघितलं की गोष्ट बदलते दोस्तांनो.

पुढची गोष्ट अशी. थोरली राणी सईबाई १६५९ साली वारली. संभाजीराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे. मोहित्यांची सोयराबाई १६७४ च्या राज्याभिषेकात पट्टराणी झाली. तिचा पोरगा राजाराम. १६८० च्या मार्चमध्ये दहा वर्षांच्या या पोराचं लग्न प्रतापराव गुजरांच्या मुलीशी लावलं. महिना उलटायच्या आत, ३ एप्रिलला, महाराज गेले. थोरला मुलगा पन्हाळ्यावर, आणि रायगडावर २१ एप्रिलला धाकट्याला मंचकावर बसवलं. कट कुणाचा? मालिका बघणारी बाई सांगंल, सावत्र आईचा.

मी वाचनालयात बसून वाचलं. शाळा दहावीला सुटली, पण वाचनालय सुटलं नाही. तर काय दिसतं? दहा वर्षांच्या पोराला मंचकावर बसवायला एकटी बाई पुरत नाही. अण्णाजी दत्तो होता, सुरनीस. मोरोपंत होता, पेशवा. म्हणजे कागद, शिक्का नि खजिना ज्यांच्या हातात ती माणसं होती. मोठा धनी आला तर आपली वतनदारी आखडंल, लहान पोर असलं तर कारभार आपल्या मुठीत, हा त्यांचा हिशेब. सेनापती हंबीरराव मोहिते हा तर सोयराबाईचा सख्खा भाऊ. तो भाच्याला सोडून संभाजीराजांकडं गेला आणि डाव तिथंच फसला. पण बोटं कुणाच्या नावानं मोडायची? बाईच्या.

खुद्द संभाजीराजांनी काय म्हटलं होतं? १६८० सालचं त्यांचं संस्कृत दानपत्र आहे. त्यात या सावत्र आईला त्यांनी स्फटिकासारख्या निर्मळ मनाची म्हटलंय. पुढं १६८१ साली दुसरा कट उघडा पडला, कारभाऱ्यांना देहदंड झाला, त्यात बाळाजी आवजी चिटणीसही गेला. त्याच सालात सोयराबाई वारली. आणि सव्वाशे वर्षांनी बाळाजीच्याच वंशातल्या मल्हार रामरावानं बखर लिहिली. तिच्यात संभाजीराजे कसे रंगवले ते ठाऊकच आहे. सोयराबाईला भिंतीत चिणून मारल्याची कथा अशीच लोकांच्या तोंडी बसली. वा. सी. बेंद्र्यांनी १९६० साली आणि कमल गोखल्यांनी १९७१ साली जुने कागद काढून हे सगळं पुन्हा तपासलं, तवर पिढ्यान्‌पिढ्या राजा बदनाम आणि राणीबी बदनाम. लेखणी ज्याच्या घरात, इतिहास त्याच्या ओसरीवर बांधलेला. आम्हाला हे कुणी नव्यानं शिकवायची गरज नाही.

आता राण्या तरी कोण होत्या? निंबाळकरांची, मोहित्यांची, पालकरांची, शिर्क्यांची, गायकवाडांची, जाधवांची. आडनावं वाचत गेलं की हा संसार वाटत नाही, तहनामा वाटतो. शिर्क्यांची येसूबाई भोसल्यांच्या घरात आली आणि भोसल्यांची राजकुंवर शिर्क्यांच्या घरात गेली. आमच्यात याला साटंलोटं म्हणतात. गरिबानं केलं तर हुंडा वाचवायला केलं म्हणतात, राजानं केलं तर मुत्सद्देगिरी. पोरीला दोन्हीकडं कुणी विचारलेलं नसतं.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता. वय पंचवीस. माझ्याएवढंच की! त्यांनी सांगितलं, जातीचं मूळ लग्नात आहे. आपल्याच कोंडाळ्यात लग्न करायचं, बाहेर जायचं नाही. हे कोंडाळं टिकवायचं तर बाईवर पहारा पाहिजे. म्हणून सती, म्हणून सक्तीचं वैधव्य, म्हणून बालविवाह. हे वाचून मी पुन्हा रायगडाकडं बघितलं. दहा वर्षांचा नवरदेव दिसला. १६८० सालातच सती गेलेली पुतळाबाई दिसली. सोयराबाईचं सगळं वजन तिच्या पोटच्या पोरावर टांगलेलं दिसलं. पोरगा गादीवर तर ती राजमाता, नाहीतर अडगळ. अशा घरात सवती भांडणार नाहीत तर काय भोंडला खेळतील? भांडण लावून दिलेलं असतं. आपण फक्त भांडणाऱ्या बघतो.

राणीची ही गत, तर ताट धरणारीची काय?

तिची गत मला आमच्या घरातनंच कळली. आय शहरातल्या एका मोठ्या घरी धुणीभांडी करायची. तिथं दोन जावा. चूल एक, तोंडं दोन दिशांना. धाकटी आयच्या कानात सांगायची, थोरलीनं सासूला कसं गुंडाळलंय. थोरली विचारायची, “मावशी, काय म्हणत होती गं ती?” आय दोघींचं ऐकायची आणि भांडी घासायची. एक दिवस धाकटीच्या कुड्या गेल्या. धाकटीनं थोरलीवर संशय घेतला, थोरलीनं घर डोक्यावर घेतलं. सासू मधी पडली. मग तिघींनाबी एकाच वेळी आठवलं की घरात आणखी एक बाई आहे. आयची पिशवी जमिनीवर उपडी केली. पिशवीत काय, एक भाकरी, चटणीची पुडी नि पान-तंबाखूची चंची. तरी तिला जा म्हणाले. त्या महिन्याचा पगारही बुडाला. चार दिवसांनी कुड्या कपाटात, शालूच्या घडीत सापडल्या. जावा गळ्यात गळा घालून रडल्या म्हणे. आयला परत बोलावणं आलं. ती गेली नाही. म्हणाली, “त्यांचं जुळलं की. आता माझं काय काम?”

वाड्यातल्या कारस्थानाचं शास्त्र याहून मोठं नाही. वरच्यांचं वरच्यांशी बिनसतं, खालच्याची पिशवी उपडी होते, आणि मग वरच्यांचं जुळतं.

इतिहासात दासीचं नाव राहतं ते कधी? तिनं राजाला दूध पाजलं तर. कापूरहोळची धाराऊ अशी राहिली. बरं झालं राहिली. पण ज्यांनी रायगडावर पाणी वाहिलं, शेण काढलं, राण्यांची बाळंतपणं निस्तरली, त्या कुठं आहेत? पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या नोंदी सापडतात, पण कशा? खरेदी आणि विक्री म्हणून. नावापुढं किंमत.

एक विरूबाई आहे. शाहू मोगलांच्या कैदेत असताना औरंगजेबानं त्याच्या बायकोला बघायला मागितलं, तेव्हा खऱ्या सुनेऐवजी या दासीला पुढं केलं अशी गोष्ट सांगतात. राणीची अब्रू झाकायला दासीची पुढं करायची! तीच विरूबाई पुढं साताऱ्याच्या वाड्याचा कारभार बघायची. सकवारबाई नि सगुणाबाई या दोन राण्यांच्या चुरशीत घर तिनं चालवलं. लग्नाची बायको ती कधीच नव्हती. १७४० साली मेली. हिच्यावर मालिका काढा की. पण नाही. हिच्या माहेरचं आडनाव कुठं मिरवायचं?

आणि आडनावाचा खेळ किती पोकळ असतो तेबी ऐका. राजारामाच्या दोन राण्या, हंबीररावाची लेक ताराबाई आणि कागलच्या घाटग्यांची राजसबाई. १७१४ साली पन्हाळ्यावर राजसबाईच्या पक्षानं ताराबाईला नि तिच्या मुलाला कैदेत टाकलं. त्या भीतीपायी ताराबाईचा नातू म्हणून सांगितलेलं पोर वाड्याबाहेर लपवून वाढवलं गेलं. १७४९ च्या डिसेंबरात शाहू वारला. सकवारबाई सती गेली, तिच्यावर पेशव्यानं दडपण आणलं असं इतिहासकार लिहितात. ते लपवलेलं पोर रामराजा म्हणून साताऱ्याच्या गादीवर बसलं. वर्षाच्या आत ताराबाईचं नि त्याचं बिनसलं. नोव्हेंबर १७५० मध्ये तिनं त्याला किल्ल्यात कोंडला आणि जाहीर केलं, हा माझा नातू नाही, हा गोंधळी आहे. १७५२ साली जेजुरीला खंडोबापुढं तशी शपथसुद्धा घेतली.

मला यात कोण खरं कोण खोटं ते ठरवायचं नाही. मी एवढंच बघतो की राजाला गादीवरनं उतरवायला दारूगोळा लागला नाही, एक जात पुरली. काल छत्रपती म्हणून मुजरा घेतलेला माणूस, आज संबळ वाजवणारा. तोच देह, तेच रक्त. मग कुळाचा तो तेज, ती खानदानी, जिच्यापायी राण्यांनी एकमेकींचे गळे धरले, ती होती कुठं? तोंडच्या शब्दात होती. शब्द फिरला, खानदान फिरलं. आणि शिवी म्हणून जात निवडली ती कुणाची? आईच्या दारात रात्रभर गाऊन पोट भरणाऱ्याची. त्या गोंधळ्याला कुणी विचारलं का, बाबा, तुझ्या जातीची शिवी केलीय, तुला कसं वाटतं?

हे सगळं आपल्याला सांगायचं कारण आहे. बाबासाहेबांनी त्याच निबंधात म्हटलंय की वरच्यांचं बघून खालचे करत गेले, तशा जाती पसरल्या. आज आपल्या वस्तीतल्या पत्रिका काढून बघा. ‘शाही विवाह सोहळा’. भाड्याचं सिंहासन, भाड्याचा फेटा, भाड्याची तलवार. मंगल परिणय बाबासाहेबांच्या फोटोपुढं आणि वरात महाराजांची! नवरीला पैठणी, नवरदेवाला मोजडी, बापाला कर्ज. माझ्या गिरणीतला एक जोडीदार तीन वर्षं ओव्हरटाइम करून त्या एका रातीचं राजेपण फेडतोय. आणि त्या मांडवात ताटं उचलायला केटररनं आणलेल्या पोरी कोण होत्या? शेजारच्या वस्तीतल्या. आमच्याच. आम्ही खुर्चीवर बसलो नि त्या ताट धरून उभ्या राहिल्या. कुणी त्यांच्या हातांकडं बघितलं नाही.

राजा व्हायची हौस मालिकेनं लावली असं मी म्हणत नाही. हौस आधीचीच. मालिका तिला रोज तेल घालते. दर रात्री आपल्याला दोन राण्यांपैकी एक निवडायला लावते. ही चांगली, ती वाईट. आपण निवडतो, भांडतो, झोपतो. वाडा तसाच.

माझं म्हणणं इतकंच. मालिका जरूर बघा. पुढच्या बाईचं बोलणं ऐकता ऐकता मागच्या बाईकडं बघा. घरात कामाला जाणारी आई असंल, बहीण असंल, तिला विचारा, त्या वाड्यात खरं काय चालतं. तिला दोन्ही पक्षांचं ठाऊक असतं. ती सांगंल ते लिहून काढा, शुद्धलेखन बघत बसू नका. चिटणिसाच्या घरात बखर झाली ती लेखणी त्यांच्या घरात होती म्हणून. लेखणी आता आपल्याबी घरात आहे. आयनं सांगितलेलं मी वहीत उतरवतोय. आतापर्यंत सतरा पानं झालीत, आणि त्यात अजून एकबी राणी आलेली नाही.