शेवटची गाडी किती वाजता?

बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली, की दोन-तीन दिवसांत माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुधा विद्यार्थी असतात, कोणी ओडिशातले, कोणी आंध्रच्या किनाऱ्यावरचे. "सर, वादळ खरेच इकडे येणार का? घर सोडावे की थांबावे?" मी हवामानशास्त्रज्ञ नाही. माझे संशोधन घनपदार्थांच्या भौतिकीतले आहे आणि वादळाविषयी मला जे ठाऊक आहे, ते कोणत्याही जिज्ञासू वाचकाला मिळवता येईल इतकेच आहे. तरीही हा प्रश्न मी टाळत नाही. मे २०१९ मध्ये तो मला स्वतःला सोडवावा लागला होता आणि मी तो चुकीच्या रीतीने सोडवला होता. उत्तर तेवढे योगायोगाने बरे निघाले. रीत चुकून उत्तर जुळले, तर त्याला गुण देऊ नयेत असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. तोच नियम स्वतःला लावून ही हकीकत लिहीत आहे.

पीएच. डी.नंतरच्या संशोधनासाठी मी तेव्हा भुवनेश्वरला होतो. एका तीन मजली इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. एप्रिलअखेरीस आई-बाबा महाराष्ट्रातून आले. जगन्नाथाचे दर्शन घ्यायचे, कोणार्क पाहायचे आणि ९ मेच्या गाडीने परतायचे, असा बेत होता. बाबांना मधुमेह आहे. दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावे लागते. त्याच्या शिल्लक कुप्या माझ्या फ्रिजच्या दारात ठेवल्या होत्या. ही बाब ध्यानात ठेवावी. मी ती ठेवली नव्हती.

'फणी' या वादळाला २७ एप्रिलला नाव मिळाले. सुरुवातीचे अंदाज ते तमिळनाडूच्या उत्तर आणि आंध्रच्या दक्षिण किनाऱ्याकडे सरकेल आणि मग वळेल, असे होते. ३० एप्रिलपर्यंत ते अतितीव्र झाले होते आणि त्याची दिशा ओडिशाकडे वळणार हे स्पष्ट होत चालले होते. त्याच दिवशी आम्ही पुरीला जाऊन आलो. आकाश निरभ्र होते. किनाऱ्यावर मुले लाटांत खेळत होती. परतताना बाबा म्हणाले, "अरे, एवढ्या शांत समुद्रातून काय येणार?" मी त्यांना लांबवरून येणाऱ्या लाटांविषयी काहीबाही सांगितले आणि मनातून त्यांच्याशीच सहमत झालो.

१ मे रोजी संबलपूरच्या एका मित्राचा फोन आला. संबलपूर किनाऱ्यापासून बरेच आत, ओडिशाच्या पश्चिम भागात आहे. "आई-बाबांना घेऊन आजच निघ. आमचे घर रिकामे आहे," तो म्हणाला. मी त्याला म्हणालो, "उद्या सकाळपर्यंत चित्र अधिक स्पष्ट होईल. मग ठरवतो."

हे वाक्य उच्चारताना मला ते अत्यंत शास्त्रीय वाटले होते. हवामान खात्याचे पत्रक दर तीन तासांनी प्रसिद्ध होत होते. वादळाच्या मार्गाचा अंदाज ४८ तास आधी दिला, तर केंद्राच्या जागेतील सरासरी चूक त्या काळात शंभर किलोमीटरच्या थोडी वर असे. २४ तास आधी ती पाऊणशे किलोमीटरच्या आसपास येई. म्हणजे दोन दिवस आधी चुकीचे अंतर साधारण पुरी ते गोपालपूर एवढे, तर एक दिवस आधी पुरी ते भुवनेश्वरपेक्षा किंचित अधिक. मोजमाप सुधारण्याची शक्यता असताना घाईने निष्कर्ष काढू नये, हे आम्हाला प्रयोगशाळेत पहिल्या वर्षापासून शिकवलेले असते. मी तेच करत होतो.

त्या रात्री मी वहीत आकडेमोडही केली. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. एवढ्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो वजनाइतका होतो. भुवनेश्वर पुरीपासून सुमारे ६० किलोमीटर आत आहे. तिथवर येईतो वेग १३० पर्यंत उतरेल असे मी धरले. मग दाब जवळजवळ निम्मा होतो. काँक्रीटची इमारत हे सहज सोसते. खिडक्यांचे सांगता येत नाही. समुद्राचे पाणी इथवर येण्याचा प्रश्नच नव्हता. निर्णयशास्त्रातला एक साधा नियमही मी लिहून ठेवला होता: बचावाचा खर्च भागिले संभाव्य हानी, या गुणोत्तरापेक्षा संकटाची शक्यता अधिक असेल तर बचाव करावा. खर्चाच्या जागी वृद्ध आई-बाबांना सहा-सात तास गर्दीच्या गाडीतून नेण्याचा त्रास मांडला. हानीच्या जागी फुटलेल्या काचा आणि एक वाईट सकाळ मांडली. उत्तर 'थांबावे' असे आले. गणितात चूक नव्हती.

खालच्या मजल्यावर घरमालक राहत. ओडिशाच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मौसा म्हणत असे. २ मेच्या सकाळी ते गच्चीवरच्या टाकीला दोर बांधताना भेटले. मी त्यांना वाऱ्याच्या वेगाविषयी सांगू लागलो. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारले, "घरात किती दिवसांचे आहे?"

"काय किती दिवसांचे?"

"सगळेच. पाणी, तांदूळ, रॉकेल, औषध."

ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात मौसा जगतसिंहपूर जिल्ह्यात होते. त्या वादळाने सुमारे दहा हजार माणसे नेली, त्यांतली बरीचशी त्याच जिल्ह्यात. समुद्र पाच-सहा मीटर उंचीने आत शिरला होता. मौसा त्याविषयी फारसे बोलत नसत. त्या दिवशी एवढेच म्हणाले, "वारा गेला, तेव्हा आम्ही जिवंत होतो. खरी परीक्षा नंतर होती. विहिरींत खारे पाणी होते."

मी वर आलो, फ्रिज उघडला आणि पहिल्यांदा त्या कुप्यांकडे नीट पाहिले. वारा आठ तासांचा असेल, पण वीज किती दिवस नसेल? पाण्याचा पंप विजेवर, फोनचा मनोरा विजेवर, फ्रिज विजेवर. माझ्या गुणोत्तरात हानीच्या जागी हे काहीच नव्हते. मी घाईने मित्राला फोन केला. तो म्हणाला, "ये ना, पण कसा येणार?" गाड्या एकामागून एक रद्द होत होत्या. पुरीतून पर्यटकांना बाहेर काढण्यासाठी विशेष गाड्या सोडल्या होत्या, त्या हावड्याकडच्या. ओळखीच्या टॅक्सीवाल्याने नम्रपणे नकार दिला. त्यालाही घर होते आणि घरात म्हातारी आई होती. मध्यरात्रीपासून विमानतळ बंद होणार होता आणि तिकिटे केव्हाच संपली होती. मला हवी होती ती खात्री दुपारपर्यंत पुरेपूर मिळाली. फक्त आता तिचा काही उपयोग नव्हता.

या हकीकतीतून मला सांगायचे आहे ते एवढेच. वादळ जवळ येते तशी अंदाजातील अनिश्चितता कमी होत जाते, हे आपण आलेखावर दाखवतो. त्याच आलेखावर दुसरी एक रेघ काढायला हवी: आपल्या हातातील पर्यायांची. तीही त्याच वेगाने खाली येत असते. अनिश्चितता शून्य होते त्या क्षणी पर्यायही शून्य झालेले असतात. प्रयोगशाळेत थांबण्याला किंमत नसते, कारण नमुना कुठे पळून जात नाही. घरी थांबण्याची किंमत दर तासाला वाढते. मी 'थांबावे' असा निर्णय घेतला नव्हता; मी निर्णय पुढे ढकलत राहिलो आणि तो रेल्वेच्या वेळापत्रकाने घेतला.

३ मे रोजी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान फणी पुरीजवळ किनाऱ्यावर आले. आधी दुपारची वेळ सांगितली जात होती. ती अलीकडे सरकली. पुरीला वाऱ्याचा वेग ताशी १७५ ते १८० किलोमीटर होता. भुवनेश्वरला आम्ही तिघे आणि मौसा-मौसी खालच्या मजल्यावरच्या आतल्या, खिडकी नसलेल्या खोलीत बसलो. मौसांचा नातूही होता. त्याची वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा दोन दिवसांवर होती. ती पुढे ओडिशापुरती २० मेला झाली. त्या सकाळी मात्र तो मांडीवर जीवशास्त्राचे पुस्तक धरून बसला होता आणि तासन् तास एकही पान उलटत नव्हता. वर माझ्या खोलीची खिडकी फुटल्याचा आवाज आला. सायंकाळी बाहेर आलो तेव्हा रस्ता दिसत नव्हता, नुसती आडवी झाडे. माझे गणित बरोबर ठरले होते: इमारत उभी होती.

मग पुढचे दिवस सुरू झाले. वीज नाही, नळाला पाणी नाही, फोन नाही. एटीएम बंद. वरच्या मजल्यावरची खोली दुपारी भट्टीसारखी तापे. मौसींनी पाण्याने भरलेले मातीचे मडके दिले आणि कुप्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यात ठेवायला सांगितल्या. मी भौतिकीचा डॉक्टर असूनही हे मला सुचले नव्हते. बाष्पीभवनाने पाणी किती थंड होईल हे हवेच्या दमटपणावर ठरते; त्या दमट हवेत मडके २७-२८ अंशांच्या खाली जाणार नव्हते. बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते. म्हणजे मडके पुरेसे होते, पण जेमतेम.

५ मेच्या रात्री आईने मला हलवून उठवले. बाबा घामाने भिजले होते, हात थरथरत होते, बोलणे अडखळत होते. दिवसभर पोहे आणि बिस्किटांवर काढलेले, तिसऱ्या मजल्यावर बादल्या चढवलेल्या, आणि इन्सुलिन मात्र नेहमीइतकेच घेतलेले. साखर एकदम खाली गेली होती. रुग्णवाहिकेला फोन लागत नव्हता. लागला असता तरी गल्लीच्या तोंडाशी पडलेले झाड तसेच होते. आईने मेणबत्तीच्या उजेडात साखरेचे पाणी केले आणि चमच्याचमच्याने पाजले. वीसेक मिनिटांनी बाबांनी विचारले, "किती वाजले?" त्या वीस मिनिटांत वहीतल्या गणितातले एक अक्षरही मला आठवले नाही. संबलपूरचा मित्र आठवला, आणि 'उद्या सकाळपर्यंत' हे माझे शब्द.

९ मेला ते दोघे ठरल्याप्रमाणे गाडीत बसले. तोवर आमच्या गल्लीत वीज आली नव्हती. बाबा आजही म्हणतात, "थांबलो ते बरेच झाले, काही झाले तर नाही." मी वाद घालत नाही. पण निर्णय चांगला होता की वाईट, हे त्याच्या परिणामावरून ठरवता येत नाही. परिणामात दैवाचा वाटा असतो. निर्णयात फक्त आपला.

त्याच दोन-तीन दिवसांत किनाऱ्यावरच्या सुमारे १२ लाख लोकांनी घरे सोडली होती. फणीमुळे ओडिशात ६४ जण दगावले. तोही आकडा लहान नाही, पण १९९९ च्या शेजारी ठेवला की त्याचा अर्थ कळतो. याचे श्रेय सुधारलेल्या अंदाजांना आहेच. पण केवळ अंदाज अचूक झाला म्हणून माणूस गाय, शेळी आणि धान्याची कणगी सोडून निघत नाही. कुठे जायचे, कोणत्या वाटेने, तिथे खायला काय मिळेल, हे त्याला आधीच ठाऊक असावे लागते. १९९९ नंतर ओडिशाच्या किनाऱ्यावर आठशेहून अधिक निवारे उभे राहिले. त्यांतल्या अनेक इमारतींत एरवी शाळा भरते. संकटात जायची जागा रोजच्या पायाखालची असली, की निघण्याचा निर्णय हलका होतो. माझ्याकडे तशी जागा होती आणि बोलावणेही होते. मी अधिक चांगल्या माहितीची वाट पाहत बसलो.

म्हणून आता कोणी विचारले, की मी वाऱ्याच्या वेगापासून सुरुवात करत नाही. घर भरतीच्या लाटेच्या टप्प्यात असेल, तर विचारायचे काही उरतच नाही. प्रशासनाने सांगितले की निघावे. वाऱ्यापासून भिंतीआड लपता येते, समुद्राच्या पाण्यापासून दूरच जावे लागते. घर आत असेल, तर दोन गोष्टी विचारतो. पहिली मौसांची: घरात किती दिवसांचे आहे, आणि घरातल्या कोणाचा जीव विजेवर किंवा औषधावर अवलंबून आहे? दुसरी मी स्वतः किंमत मोजून शिकलो ती: शेवटची गाडी किती वाजता? त्या गाडीच्या बरीच आधी एक वेळ ठरवावी, कागदावर लिहावी, आणि ती वेळ येईल तेव्हा हाती असेल त्या अंदाजावर निर्णय घ्यावा. तो अंदाज अपुरा असेल. तो नेहमीच अपुरा असतो.