बैलाचं नाव मोठं

खेड तालुक्यातले शर्यतींचे घाट ओस पडले होते तेव्हाची गोष्ट. २०१४च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतींवर बंदी आणली, ती उठायला २०२१चा डिसेंबर उजाडला. त्याच काळात पुण्यात फ्रेंच शिकवणाऱ्या आमच्या बाई वर्गात सहज बोलून गेल्या, ‘दक्षिण फ्रान्समध्ये बैलाचा एक खेळ आहे. पोस्टरवर बैलाचं नाव ठळक असतं, माणसांची बारीक.’ हे वाक्य मनातून जाईना.

शेवटी तो खेळ बघायला दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला पोचलो तो जुलैतला पहिला सोमवार गाठून. १९२८पासून ‘कोकार्द दॉर’ ही या खेळाची मानाची स्पर्धा याच दिवशी होते. खोली मात्र वाईट मिळाली. तिसरा मजला, पंखा नाही, खिडकी उघडावी तर कामार्गच्या दलदलीतले डास. ‘हवेशीर’ म्हणून जादा पैसे घेतले होते, त्याचा राग अजून आहे. व्हॅन गॉगच्या खुणा भरभर पाहिल्या आणि थेट रोमन रिंगणाकडे गेलो.

इ.स. ९०च्या सुमाराचं हे बांधकाम, वीस हजार माणूस बसेल एवढं. गाईड सांगत होता, हा खेळ रोमनांपासून अखंड चालत आलाय. मी तिथंच अडलो. मध्ययुगात याच रिंगणात दोनशेच्या वर घरं होती, माणसं संसार करत होती. ती हलवायला १८२५मध्ये सुरुवात झाली आणि १८३०मध्ये, अल्जिअर्स जिंकल्याच्या आनंदात, इथं पहिल्यांदा बैल सोडले. मग अखंड कुठलं? गाईडला ते पटलं नाही. माझ्या मते हा खेळ शेतावरचा. गाड्या गोलाकार लावायच्या, मधे बैल सोडायचा आणि गड्यांनी त्याच्या शिंगांना बांधलेलं फूल नाही तर रुमाल पळवायचा. दगडी रिंगण त्याला फार उशिरा मिळालं.

फ्रेंचमध्ये ‘तोरो’ म्हणजे वळू. पण इथले लोक प्रोव्हाँसाल बोलीतला ‘बिऊ’ म्हणतात, म्हणजे बैलच; बहुतेक खच्ची केलेलेच असतात. काळा, आपल्या खिलारापेक्षा बुटका, वशिंड नाही, शिंगं सरळ आभाळाकडे चढलेली. आत आल्यावर पहिलं मिनिट त्याचं एकट्याचं. माती हुंगतो, कठड्याकडे बघतो. मग तुतारी वाजते आणि पांढऱ्या कपड्यांतले ‘राझतर’ धावतात. मुठीत दातेरी आकडा. कपाळावरची लाल फीत, शिंगांच्या बुडाचे लोकरी गोंडे, शिंगांना गुंडाळलेली दोरी, एवढं काढायचं. बैलाला पंधरा मिनिटं. रक्त सांडलंच तर माणसाचं.

माझ्यासमोरच एकानं तिरपी धाव घेतली, आकडा फितीला नुसता घासला आणि त्यानं कठड्यावर उडी टाकली. मागोमाग बैल छातीनं फळ्यांवर आदळला. बाकावर माझ्या पायाखाली हादरा बसला. त्यासरशी ‘कार्मेन’ची धून सुरू झाली. ती धून बैलासाठी वाजते, त्यानं माणसाला पळवलं म्हणून. शेजारच्या आजीबाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. वेळ संपली तेव्हा दोरी शिंगांवर तशीच होती आणि पुन्हा तीच धून वाजली. बैल सावकाश आत गेला. तो परत त्याच्या माळावर जाणार होता.

दुसऱ्या दिवशी आव्हिन्योंचं तिकीट होतं, ते सोडून दिलं. ल कायलार या गावाकडे निघालो. गावाच्या तोंडाशीच ‘सांग्लिए’ म्हणजे ‘रानडुक्कर’ नावाच्या बैलाची समाधी आहे. फेर्नां ग्रानों यांच्या कळपातला, जन्म १९१६, मृत्यू १९३३. इकडच्या नामांकित बैलांना उभं, समुद्राकडे तोंड करून पुरायची रीत आहे. उन्हात दगडाला हात लावला तर चटका बसला. किती तरी वेळ मी त्या दोन सालांकडे बघत राहिलो. पळून पळून नाव कमावलेल्या जनावराचं जन्मसाल कुणीतरी जपून ठेवलं होतं.

रात्री घरी फोन लावला. ‘दादा, आपला सर्ज्या कुठल्या सालचा?’

वडील थोडा वेळ गप्प राहिले. मागून आजीचा आवाज आला, ‘विहिरीला पाणी लागलं ना, त्याच साली. जेठात.’